तेरा नोव्हेंबरचा खण

"अहो, बघून जरा! केक आहे!"

मी ओरडले खरी, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. बाहेर धड पाऊस नाही, धड बर्फ नाही असलं काहीतरी पडत होतं, आणि एक उंच माणूस कोटाची कॉलर वर करून, मान खाली घालून, रेडिओ स्टेशनच्या दारातच थेट माझ्या अंगावर आला. खोकं कलंडलं. त्याने हातातली पिशवी टाकून दोन्ही हातांनी ते खालून झेललं... झेललं छान, पण झाकण उघडलं आणि त्याचा अंगठा सरळ क्रीममध्ये गेला.

आम्ही दोघंही त्या अंगठ्याकडे बघत राहिलो.

"फार नुकसान झालं का?" त्याने घाबरत विचारलं.

"अर्धं नाव पुसलं गेलं. तुमचंच."

त्याने वाकून केकवर पाहिलं. चॉकलेटने मीच पहाटे लिहिलं होतं – ‘एय्नो हान्नुला, २८’.

"अरे! म्हणजे केक माझाच आहे की!"

"तुमचा कसला? केक स्टेशनचा. तुमचं त्यावर फक्त नाव आहे."

हे तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. कारण या वाक्याचा खरा अर्थ डेट्रॉइट शहरात फक्त दोन माणसांना कळला असता – मला आणि माझ्या वडिलांना. तो मात्र हसला, अंगठा चाटला आणि म्हणाला, "नाव काही गोड नाही, पण केक झकास आहे. कुणी केला?"

"मी."

"मग तुमच्या नावाचा केक कोण करतं?"

"कुणी नाही. सुताराच्या घरी खुर्ची मोडकीच असते." आणि मग, का कोण जाणे, मी बोलून गेले, "आजच आहे माझाही वाढदिवस. अठ्ठाविसावा."

तो थांबला. त्याच्या पापण्यांवर बर्फाचं पाणी होतं, आणि डोळे... असू दे. डोळ्यांचं नंतर सांगते.

आधी खणाचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मिस ओडेसा प्रुइट रोज सकाळी नऊ वाजता रेडिओवर वाढदिवसाचा कार्यक्रम करायच्या. त्यांच्यामागे भिंतभर लाकडी कपाट होतं, त्याला तीनशे सहासष्ट छोटे खण, वर्षाच्या प्रत्येक दिवसाचा एक. त्या दिवशी जन्मलेल्या रॉक वादकांची आणि गायकांची कार्डं त्या खणात. वर नाव, खाली गाव, आणि त्याखाली एकच ओळ – ‘काय दिलं?’ मिस ओडेसांचं म्हणणंच होतं, "जन्म तर सगळेच घेतात. दिलं काय, ते सांगा." आमच्या बेकरीत, शाळेत, मोटारीच्या कारखान्यात, सगळीकडे हे वाक्य चालायचं. कुणी आळस केला की लोक म्हणायचे, ‘तुझ्या कार्डावर काय लिहायचं रे?’

त्या दिवसाच्या नावांचा केक डेट्रॉइटला लागूनच्या हॅमट्रॅमॅकमधल्या आमच्या बेकरीतून जायचा. गेली सात वर्षं तो मीच पोचवत होते. आणि गेली पाच वर्षं तेरा नोव्हेंबरच्या केकवर मी माझ्या हाताने एय्नो हान्नुलाचं नाव लिहीत होते.

खणात जायचा नियम एकच, पण कडक. तुमचं नाव रेकॉर्डच्या वेष्टनावर छापलेलं हवं.

माझं नव्हतं.

त्या दिवशी मी काचेबाहेर उभी राहून ऐकलं. दर वर्षी ऐकायचे, पण एरवी तो आत नसायचा. मिस ओडेसांनी कार्ड काढलं, चष्मा वर केला.

"एय्नो हान्नुला. नॉर्थ पियर बँडचे ड्रमर. गाव मार्केट, मिशिगन. काय दिलं? – ‘दार उघड, मेरिडिथ’ या गाण्यातली ती लंगडी!"

लंगडी म्हणजे काय ते सांगायला नको असं तेव्हा होतं. तीन सरळ ठोके, मग एक पोकळी, त्या पोकळीत कसलीशी टिचकी, आणि मग चौथा ठोका उशिरा, जणू पाय उचलून ठेवलाय आणि खाली यायला तयारच नाही. देशभरातली पोरं गॅरेजमध्ये बसून ती गिरवत होती. कुणी म्हणायचं, चुकून झालं आणि तसंच ठेवलं. कुणी म्हणायचं, हा माणूस देव आहे.

ती मी वाजवली होती.

माझ्या काकांचा लग्नात वाजवणारा पोल्का बँड होता. बारा वर्षांची असल्यापासून मी त्यात ड्रम बडवायचे. अडुसष्टच्या जानेवारीत मी एका स्टुडिओत राय धान्याचे पाव पोचवायला गेले, तर तिथला निर्माता डोक्याला हात लावून बसलेला. नॉर्थ पियरच्या बाकीच्यांनी आपापलं वाजवून ठेवलं होतं आणि ती मंडळी टोलेडोला कार्यक्रमाला पुढे गेली होती. राहिले होते फक्त ड्रम, आणि ड्रमवाला बर्फावर घसरून मनगट मोडून इस्पितळात. रेकॉर्ड दुसऱ्या दिवशी द्यायची होती. मी म्हटलं, "मी वाजवू?" तो हसला. मी वाजवलं. मग हसला नाही. जाताना म्हणाला, "पोरी, झालं ते इथेच विसर. पाववालीने ड्रम वाजवले म्हटलं तर कोण घेईल रेकॉर्ड?"

मी बावीस वर्षांची होते. मान डोलावून घरी आले. मग गाणं गाजलं, आणि मला कळलं की मी मान नको तिथे डोलावली.

तर त्या दिवशी काचेबाहेरून मी त्याच्याकडे बघत होते. मनात म्हटलं, बघू तरी चोर कसा दिसतो. कार्ड वाचून झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याने... त्याने मान खाली घालून आपल्या बुटांकडे पाहिलं. हसला नाही. लाजला असंही नाही. मार खाल्लेल्या मुलासारखा उभा राहिला.

बाहेर येऊन त्याने सुरी मागितली, केकचे दोन भाग केले आणि उरलेल्या अर्ध्यावर बोटाने लिहायला लागला.

"हे काय चाललंय?"

"तुमचं नाव घालतोय. सांगा."

"मिला. ल्युडमिला व्रोना."

त्याने वाकडंतिकडं ‘मिला’ लिहिलं. सात वर्षं केक पोचवत होते, पण त्या इमारतीत माझं नाव कुणी लिहिलं असेल तर तेवढंच. मी रागावायचं ठरवलं होतं. जमलं नाही.

---

दुसऱ्या दिवशी तो बेकरीत आला.

"पाव हवाय," म्हणाला.

"कुठला?"

"कुठला आहे?"

"सहा प्रकारचे आहेत."

"मग सहा दिवस येतो."

आतून माझे वडील, म्हणजे ताता, पिठाचे हात पुसत बाहेर आले. ताता सोडून त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. गिऱ्हाइकंसुद्धा ताताच म्हणतात. त्यांनी एय्नोला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला आमच्या पोलिश भाषेत विचारलं, "हाच का तो आयत्या बिळावरचा नागोबा?"

"हाच."

"बारीक आहे. त्याला खसखशीचा रोल दे."

सहा दिवसांचे सहा आठवडे झाले. बँड त्या हिवाळ्यात डेट्रॉइटमध्येच नवी रेकॉर्ड करत होता, आणि रोज दुपारी दोनच्या सुमाराला काउंटरवरची घंटी वाजायची. ताता आतूनच ओरडायचे, "मिला, तुझं सर्दीचं औषध आलंय!" मला सर्दी झालेलीच नव्हती; पण तो आला की माझं नाक लाल व्हायचं, आणि ताता असलंच बोलतात.

तो काउंटरला टेकून उभा राहायचा. माझ्या भुवईवर पीठ लागलंय असं सांगायचा, आणि मी पुसलं की म्हणायचा, "ही नाही, दुसरी." दुसरी पुसली की, "नाही, आधीचीच." मी फडका मारायचे. तो झेलायचा. झेलण्यात तो पटाईत होता, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं.

एकदा मी मुद्दामच विचारलं, "ती लंगडी कशी सुचली हो तुम्हाला?"

त्याचा चेहरा पडला. त्याने पावाचा कोपरा कुरतडला. मग म्हणाला, "मिला, एक सांगू? मला ती येत नाही."

"म्हणजे?"

"दौऱ्यावर रोज रात्री हजारो लोकांपुढे वाजवतो. दर वेळी सरळ पडते. लोक इतके ओरडत असतात की कुणाला कळत नाही. मला कळतं." त्याने पाव बाजूला ठेवला. "गाणं मी... माझं मनगट मोडलं होतं. वाजवलं दुसऱ्याच कुणीतरी. निर्माता म्हणाला, शिकागोचा एक माणूस होता, नाव विसरलो. मी दोनदा शिकागोला जाऊन आलो. चाळीस ड्रमरांना विचारलं असेल. बँडला वाटलं, वाजवून झाल्यावर पडलो. तेव्हाच खरं बोललो असतो तर बरं होतं... पण बावीस वर्षांचा होतो. वाटलं, बँडमधून काढतील."

माझ्या हातात पावांचा ट्रे होता. तो खाली ठेवला. सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण समजा सांगितलं... आणि उद्या दुपारी घंटी वाजली नाही तर?

खरं तेच सांगते. सहा वर्षं मला माझं नाव हवं होतं. आणि त्या दुपारी पहिल्यांदा, नावापेक्षा ती घंटी जास्त हवी होती. म्हणून गप्प बसले.

---

पण हात कुठे गप्प बसतात?

फेब्रुवारीत, ईस्टरआधीचे उपवास लागायच्या आधीच्या मंगळवारी आमच्या हॅमट्रॅमॅकमध्ये पोन्चकीसाठी रस्ताभर रांग लागते. जॅम भरलेले, तळलेले ते गोळे खाल्ल्याशिवाय इथे कुणी उपवास धरत नाही. त्या सकाळी आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. एय्नो मदतीला आला होता. तातांनी त्याला ॲप्रन बांधून जॅम भरायला बसवलं. पहिल्या डझनात त्याने इतका जॅम भरला की दोन फुटले.

"अहो ड्रमर, पिशवी दाबायची, गळा नाही दाबायचा!" ताता ओरडले.

रोजचे पावही भट्टीतून निघत होते. मी पलीकडच्या टेबलावर साचे आपटून पाव काढायला लागले. हे काम मी आठव्या वर्षापासून करते, डोळे मिटूनही करीन. तीन साचे टेबलावर आपटायचे – टण्, टण्, टण्. चौथा उलटा करून पाव हातावर घ्यायचा, त्याच्या बुडाला बोटाच्या पेराने टिचकी मारायची आणि थांबायचं. ऐकायचं. पोकळ आवाज आला म्हणजे पाव भाजला. मग तो चौथा साचा – टण्.

माझ्यामागे जॅमची पिशवी धपकन पडली.

"परत कर," एय्नो म्हणाला.

"काय?"

"ते साचे. परत आपट."

मी वळले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तो काही पिठामुळे नव्हे. मला सगळं समजलं. त्यालाही समजलं होतं. मी चार साचे घेतले आणि त्याच्या डोळ्यांत बघत, मुद्दाम, सावकाश आपटले. टण्, टण्, टण्... टिचकी... टण्.

"शिकागोचा माणूस," तो पुटपुटला.

"हॅमट्रॅमॅकची बाई," मी म्हटलं.

"तू तिथे थांबतेस कशाला?"

"पाव भाजलाय का ते ऐकायला! तुम्ही सगळे तिथे मोजत बसता. तिथे मोजायचं नसतं. ऐकायचं असतं."

बाहेर रांगेतले लोक दार ठोठावत होते. त्याने खुर्ची ओढली आणि मटकन बसला.

"तीन महिने... मी रोज इथे येऊन रडगाणं गातोय, आणि तू मला पाव विकत होतीस?"

"आणि तू सहा वर्षं माझ्या हातांवर टाळ्या घेत होतास, त्याचं काय? कर्म माझं आणि कार्ड तुझं! मिस ओडेसा दर वर्षी तुझं नाव घेतात तेव्हा माझे ताता रेडिओ बंद करतात, माहिताय? वाढदिवसाच्या दिवशी. माझ्या!"

बोलताना माझा आवाज फाटला. त्याने माझा हात धरला. जॅमने चिकट झालेला त्याचा हात, आणि पिठाने माखलेला माझा.

"आज सांगतो," तो म्हणाला. "आत्ता. मिस ओडेसांना फोन करतो, ती वाजवणारी मिला व्रोना आहे म्हणून—"

"खबरदार!"

"का?"

"रोज दुपारी तू इथे येतोस हे रस्त्यावरचं शेंबडं पोरही जाणतं. तू सांगितलंस तर लोक काय म्हणतील? प्रेमात पडलाय बिचारा, पोरीला नाव भेट देतोय!" मी हात सोडवून घेतला. "मला भेट नको, एय्नो. भीक तर नकोच नको. माझं आहे ते मला माझ्या हातांनी मिळालं पाहिजे. तुझ्या तोंडून नाही."

तो उठला. ॲप्रन सोडला, नीट घडी करून ठेवला. दारापाशी जाऊन वळला.

"एक बरोबर बोललीस," तो म्हणाला.

"कुठलं?"

"प्रेमात पडलाय, ते."

घंटी वाजली आणि दार बंद झालं. आणि मी, इतकी तोंडाळ बाई, मला त्या वेळी एक शब्द सुचला नाही. तातांनी फुटलेलं पोन्चकी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "खा. रांग थांबलीये."

---

मार्चमध्ये बँड दौऱ्यावर गेला. वसंत गेला, उन्हाळा गेला. त्याची चार पोस्टकार्डं आली. त्यांवर मजकूर नसायचा, फक्त गावाचं नाव आणि खाली एक वाक्य – ‘आजही सरळच पडली.’ बॉइझी. आजही सरळच पडली. विनिपेग. आजही सरळच पडली. मी उत्तर दिलं नाही. कार्डं मात्र भट्टीवरच्या फळीवर, पिठाचा हात लागणार नाही अशी ठेवली.

पानगळीत वर्तमानपत्रात आलं की ड्रम बनवणारी एक मोठी कंपनी एय्नो हान्नुलाच्या नावाचा ड्रमसंच काढणार आहे. जाहिरात ठरली होती – ‘लंगडी देणारे हात’. ताता ते मोठ्याने वाचायला लागले आणि मधेच थांबले. मी मळलेल्या पिठाला असा गुद्दा मारला की टेबल हललं. घ्या, म्हटलं, हेही घ्या!

आणि तेरा नोव्हेंबर उजाडला.

केकवर नाव लिहिताना माझा हात जरा अडला. मी ते डाव्या बाजूला लिहिलं. ‘एय्नो हान्नुला, २९’. उजवी बाजू कोरी राहिली. नवी नक्षी आहे, असं मी तातांना सांगितलं. तातांनी फक्त भुवई उडवली, आणि त्या दिवशी रेडिओ बंद केला नाही.

स्टेशनवर पोचले तर काचेच्या आत तो बसलेला. समोर ड्रम मांडलेले. मिस ओडेसांनी पाहुणा म्हणून बोलावलं होतं. मी केकचं खोकं छातीशी धरून बाहेरच उभी राहिले. त्याने मला पाहिलं. मान हलवली नाही, हसलाही नाही. फक्त पाहिलं... आता डोळ्यांचं सांगते. राखाडी होते. आणि नऊ महिन्यांत ते मी एक दिवसही विसरले नव्हते.

मिस ओडेसांनी कार्ड काढलं. "एय्नो हान्नुला. मार्केट, मिशिगन. काय दिलं? – ‘दार उघड, मेरिडिथ’ मधली ती लंगडी!"

"मिस ओडेसा, ते कार्ड चुकीचं आहे," तो म्हणाला.

"माझ्या खणात चुकीचं कार्ड नसतं, मिस्टर हान्नुला."

"हे आहे. ती मी वाजवलेली नाही. बँडमधल्या मित्रांना काल सांगितलं, कंपनीलाही सांगितलं. ड्रमसंच निघणार नाही." त्याने काठ्या उचलल्या. "ऐका. सहा वर्षं हे असं वाजवतोय."

त्याने वाजवलं. तीन ठोके, आणि चौथा – सरळ. शिपायासारखा सरळ. एरवी हजारो लोकांच्या आरड्याओरड्यात लपायचा, पण त्या शांत खोलीत उघडा पडला. त्याने परत वाजवलं. परत तसाच. सगळ्या शहरापुढे तो स्वतःचं उणं वाजवून दाखवत होता, आणि त्याची मान पहिल्यांदाच ताठ होती.

मिस ओडेसांनी कार्ड खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "मग वाजवली कुणी?"

सांगू नकोस, मनात म्हटलं. सांगितलंस तर मी केक इथेच टाकून निघून जाईन.

"ते मी सांगणार नाही," एय्नो म्हणाला. "माझ्या सांगण्याने ते खरं ठरू नये. ज्याची आहे त्याने येऊन वाजवावी. ऐकल्यावर तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही."

पाच मिनिटांत फोन खणखणायला लागले. मिस ओडेसा एकेकाला टेबलावर बोटांनी वाजवायला लावत होत्या. पहिला म्हणाला, मीच तो. त्याची सरळ पडली. दुसऱ्याची इतकी लंगडी पडली की खालीच आपटली. तिसरा म्हणाला, माझ्या मेहुण्याने वाजवली होती, तो आता वारला. "देव त्याचं भलं करो," मिस ओडेसा म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सहा वर्षं हे दार बंद होतं म्हणून रडत होते. आता सताड उघडं होतं आणि आत मलाच जायचं होतं. कुणी ढकलणार नव्हतं, कुणी हात धरून नेणार नव्हतं. मला हवं होतं तसंच. अगदी तसंच!

मी खोकं बाकावर ठेवलं आणि काचेचं दार ढकललं.

"मिला?" मिस ओडेसा म्हणाल्या. "पोरी, कार्यक्रम चालू आहे. केक नंतर."

"केकसाठी नाही आले, मिस ओडेसा."

एय्नो उठून बाजूला झाला. मी बसले. काठ्या त्याच्या हाताने गरम झालेल्या होत्या. नखांत पीठ तसंच होतं. मी डोळे मिटले आणि आमचं टेबल आठवलं.

टण्, टण्, टण्... काठावर टिचकी... आणि मी थांबले. ऐकलं. पाव भाजला होता.

टण्.

थांबले नाही मग. सगळं गाणं वाजवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि प्रत्येक कडव्यात ती लंगडी हसत हसत उडी मारून गेली. डोळे उघडले तर मिस ओडेसांनी चष्मा काढून ठेवला होता. काचेबाहेर सगळं स्टेशन जमलं होतं. एय्नो भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचे राखाडी डोळे भरून वाहत होते, पुसायचंही भान नव्हतं.

फोन वाजला. मिस ओडेसांनी उचलला.

"मी झिगमुंट व्रोना, बेकरीवाला," तातांचा आवाज साऱ्या शहरात घुमला. "ती टिचकी आणि तो थांबा आमच्या घराण्याचा आहे. पण तो गाण्यात घालायची अक्कल माझ्या मुलीची. लिहून घ्या. आणि व्रोना नीट लिहा." फोन बंद. आयुष्यात त्यांनी माझं एवढं कौतुक एका दमात कधी केलं नव्हतं.

मिस ओडेसांनी कोरं कार्ड घेतलं आणि लिहिता लिहिता वाचलं, "ल्युडमिला व्रोना. हॅमट्रॅमॅक, मिशिगन. काय दिलं? – ‘दार उघड, मेरिडिथ’ मधली लंगडी. वेष्टनावर नाव नाही. माझ्या कानांनी ऐकलं."

आठ वर्षांत त्यांनी नियम मोडलेला मी पाहिला नव्हता.

मग त्यांनी एय्नोचं कार्ड घेतलं आणि त्यावरच्या ओळीवर सरळ काट मारली. "मिस्टर हान्नुला, तुमच्या हिमतीला सलाम. पण कोऱ्या कार्डाला माझ्या खणात जागा नाही."

"ठीक आहे," तो हळूच म्हणाला.

"ठीक काय ठीक!" मी उठलेच. "थांबा, मिस ओडेसा. त्याचं मी सांगते. नॉर्थ पियरचं ‘दीपगृह’ ऐकलंय? कुणी ऐकत नाही ते, रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आहे. मी शंभरदा ऐकलंय. त्यात हा काठ्या नाही, तारांचे ब्रश वापरतो, लाटा कानाशी येऊन परत जातात असं वाटतं. आणि शेवटच्या कडव्यात गाणाऱ्याचा आवाज रडवेला होतो, तिथे हा हात उचलून ठेवतो. वाजवतच नाही! माणसाला एकटं गाऊ देतो. ड्रमवाल्याला वाजवायला अक्कल लागते, पण न वाजवायला मन लागतं. ते त्याचं आहे. दुसऱ्या कुणाचं नाही. लिहा."

एय्नो माझ्याकडे वळला. "तू ‘दीपगृह’ ऐकलंस? कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

"म्हणजे मला चोर समजत होतीस तेव्हाही?"

"चोर होतास, पण वाजवायचास बरा."

मिस ओडेसा लिहीत होत्या. एय्नो पुढे आला, अगदी जवळ. "मिला, फेब्रुवारीत दारात मी एक बोललो होतो. त्याचं उत्तर—"

"एय्नो, रेडिओ चालू आहे."

"माहीत आहे."

"सगळं हॅमट्रॅमॅक ऐकतंय. माझे ताता ऐकतायत."

"ते तर उत्तराचीच वाट बघत असतील."

मी तोंडाळ. पण शब्द परत एकदा दगा देऊन गेले. म्हणून मी त्याचा हात हातात घेतला आणि त्याच्या तळव्यावर बोटांनी वाजवलं. टण्, टण्, टण्... टिचकी... आणि थांबले. तो ऐकत होता. मोजत नव्हता, ऐकत होता. मग चौथा ठोका त्याने वाजवला, माझ्या तळव्यावर, त्याच्या बोटाने. उशिरा. जिथे पडायला हवा तिथेच.

"आलं तुला!" मी ओरडले. "मेल्या, आलं तुला! ...आणि हो. माझंही तेच उत्तर आहे. मीही प्रेमात पडले आहे. मागच्या नोव्हेंबरपासून."

बाहेर जो गलका उठला तो रेडिओवर गेलाच. मिस ओडेसांनी दोन्ही कार्डं एकावर एक ठेवून तेरा नोव्हेंबरच्या खणात सारली आणि खण बंद केला.

मग केक आत आणला. एय्नोने झाकण उघडलं, डाव्या बाजूचं आपलं नाव पाहिलं, उजवीकडची कोरी जागा पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे बघायला लागले. त्याने बोट क्रीममध्ये बुडवलं आणि मोकळ्या जागेत सावकाश लिहिलं – पूर्ण, ल्युडमिला व्रोना, नीट.

मिस ओडेसांनी तुकडा तोंडात टाकला आणि माइकवरच विचारलं, "पोरी, पुढच्या वर्षीपासून या तारखेला केक दोन पाठवशील का?"

"नाही, मिस ओडेसा," मी म्हटलं. "एकच पाठवीन. जरा मोठा."